भरल्या ताटावरून

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकतो. बेळगावच्या वडगावात मागावर आयुष्य काढलेल्या कुठल्याही माणसाचा मोठाच असतो. दोन पॉवरलूम एका खोलीत धडधडत असताना बायकोकडं चहा मागायचा तर ओरडूनच मागावा लागतो. तीस-पस्तीस वर्षं असा चहा मागितला की माग बंद असतानाही माणूस ओरडतच बोलतो. लोकांना वाटतं, हा भांडतोय. बऱ्याच वेळा मी भांडतच असतो, ते सोडा.

आता एकच माग चालतो, तोही दुपारपर्यंत. दुसरा विकून टाकला. बायको जाऊन चार वर्षं झाली. एकच मुलगी, ती निपाणीला. माग बंद केला की घर असं गप्प होतं की शेजारणीनं फोडणी दिली तरी इथं कळतं, आणि कसली दिली तेही कळतं. मग मी उगाच रेडिओ लावतो आणि रेडिओवरच्या बाईवर चिडतो.

मला एक वाईट खोड आहे, जन्माची. जेवताना राग आला की मी ताटावरून उठतो. आमटीत मीठ कमी पडलं, भाकरी कडक झाली, कुणी नको तो विषय काढला, की झालं. "खा तूच!" म्हणायचं आणि तरातरा मागाच्या खोलीत जायचं. बायको एक शब्द बोलायची नाही. माझ्या ताटावर दुसरं ताट पालथं घालायची आणि आपल्या कामाला लागायची. तासाभरानं पोटात कावळे ओरडायला लागले की मी आत यायचो, वरचं ताट बाजूला करायचो आणि जेवायचो. तोवर आमटीत मीठ पडलेलं असायचं. ती म्हणायची, "गार झालं असंल, ऊन करू?" मी म्हणायचो, "नको." विषय संपला. मला वाटायचं, राग म्हणजे एवढंच असतं: आपण उठायचं आणि कुणीतरी ताट झाकून ठेवायचं.

बायकोचं वर्षश्राद्ध झालं आणि महिन्याभरात मुलीनं लग्न केलं. रजिस्टर. मला नंतर सांगितलं. मुलगा निपाणीचा, आमच्या जातीचा नाही, घरी कन्नड बोलणारा. लोकांना वाटतं मी त्यामुळं चिडलो. छे! कन्नड मी जन्मभर बाजारात बोलत आलोय, सुताचे व्यापारी काय माझ्याशी मराठीत बोलत होते? मी चिडलो ते मला विचारलं नाही म्हणून. घरात दोनच माणसं उरली होती, त्यातल्या एकाला विचारायचं नाही?

तरी मी गेलो. तिच्या सासरी निपाणीला आठ दिवसांनी जेवण ठेवलं होतं. मेहुणीनं हातापाया पडून मला नेलं. बेळगावातच खडेबाजारात राहते ती, बायकोची धाकटी बहीण. घराच्या सोप्यात पंगत बसली होती. सतरंजी, समोर ताटं. मुलगी स्वतः वाढत होती. तिकडं मंगलकार्याला गव्हाची खीर करतात, हुग्गी म्हणतात तिला. ती हुग्गीचं पातेलं घेऊन माझ्यापर्यंत आली, पळीभर वाढली, वर तूप सोडलं. मी रागात होतो खरा, पण हात ताटाकडं गेलाच होता. एवढ्यात समोरच्या पंगतीतला त्यांचा कोण एक चुलता मोठ्यानं म्हणाला, "पाव्हण्यास्नी दोनदा वाढा गं, रुसलेलं माणूस जास्त खातंय!" सगळी पंगत हसली.

मी उठलो. भरल्या ताटावरून, पोरीच्या सासरी, चारचौघांत. आमच्यात यापेक्षा मोठा अपमान नाही. बापानं पोरीचं अन्न नाकारलं म्हणजे पोरगी नाकारली, असाच त्याचा अर्थ. हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरी उठलो. ती पळी हातात धरून म्हणाली, "आप्पा, निदान एक घास." मी चपला घातल्या आणि स्टँड गाठला.

बसमध्ये मला खात्री होती की संध्याकाळपर्यंत कुणाचा तरी फोन येईल. आला नाही. मग मीही केला नाही. बघू कोण आधी करतंय, असं म्हणता म्हणता तीन वर्षं गेली. बेळगावहून निपाणी म्हणजे काय लंडन आहे? स्टँडवर तासाला दोन गाड्या लागतात. एकदा कोल्हापूरला निघालो होतो, तेव्हा गाडी निपाणीच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबली. सगळी चहाला उतरली. मी खिडकी लावून आत बसून राहिलो. कुणी ओळखीचं दिसेल म्हणून नव्हे. उतरलो तर पाय तिच्या घराकडं वळतील, याची भीती होती.

जेवणाचं म्हणाल तर मी जेवत नव्हतो, पोट भरत होतो. चहात बटर बुडवून खायचे, नाहीतर सकाळचा भात संध्याकाळी. उभ्या उभ्या, ओट्याशीच. ताट घेऊन बसावं तर कुणासमोर बसायचं?

मेहुणी पंधरवड्यातून एकदा डबा घेऊन यायची. तिचे गुडघे गेलेत, त्यामुळं दिवसभर खुर्चीत बसून फोनवर गेम खेळते. घरच्या तुळशीला पाणी घालायला हिला सवड नाही आणि फोनमध्ये टोमॅटोचं अख्खं वावर, वर चार गाई. मी तिला त्यावरून लई बोलायचो. सात-आठ महिन्यांमागं अशीच आली, डबा ठेवला आणि म्हणाली, "दाजी, तुमची पोरगी जेवायला घालतीया की. सगळ्या जगाला घालतीया."

"कुठं?"

"गेमात."

"गेमात काय जेवतीस, कपाळ?"

"बघा तर खरं," म्हणाली आणि फोन माझ्या नाकासमोर धरला.

नदी होती, पायवाट होती, दोन्ही बाजूंना लोकांनी बांधलेली घरं. कुणाचा लाकडी बंगला, कुणाचा दगडी बुरूज. त्यात एक कौलारू घर, वर पाटी: खानावळ. आत जमिनीवर पाट मांडलेले. चुलीपुढं एक बाहुली उभी, साडी नेसलेली. त्या साडीचा काठ बघितला आणि मी फोन हातातून हिसकावून घेतला. मुलगी बारावी पास झाली तेव्हा मी स्वतः विणून दिलेली साडी होती ती. तीच लाल किनार, तीच बारीक रुईफुलं. पोरीनं ती चित्रात काढून बाहुलीला नेसवली होती.

"काठ उलटा काढलाय!" मी ओरडलो.

"हळू बोला दाजी," मेहुणी घाबरून म्हणाली. "हितनं तिकडं ऐकू जातंय का काय, कुणाला ठाऊक."

मी फोनवर उशी ठेवली. मग मी तिला तिच्या मेलेल्या बहिणीची शपथ घातली, की मी बघितलं हे पोरीला सांगायचं नाही. आणि लगेच दुसऱ्या दमाला म्हणालो, "माझ्या फोनात घालून दे हे."

तिनं घालून दिलं. नाव काय ठेवायचं विचारलं. तिथं प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव तरंगत असतं. मी म्हणालो, "गिऱ्हाईक लिही." माझी बाहुली ढोपरापर्यंत चड्डी घातलेली निघाली. मिशीसुद्धा नाही. म्हटलं बरंच झालं, आता बापालाही ओळखू येणार नाही.

त्या जगात चालायला लागलं की भूक लागते. खाली एक हिरवी रेघ असते, ती कमी कमी होत जाते. संपली की माणूस तिथंच बसतो, हलत नाही. म्हणून लोक झाडाची फळं तोडून खातात, मासे भाजून खातात, नाहीतर खानावळीत जातात. मुलगी नोकरीवरून घरी आली की सातला तिची खानावळ उघडायची, साडेआठला बंद. पाटावर बसलं की ती येऊन ताट ठेवायची. ताटातलं सगळं तिनं स्वतः रंगवलेलं: भाकरी, पिठलं, ठेचा, कधी उसळ, कधी पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी. घास घ्यायला एक बटण दाबायचं. 'कुरुम' असा आवाज यायचा आणि ताटातलं थोडं कमी व्हायचं. पिठल्याचा कुठं कुरुम आवाज येतो? पण ते असो.

पहिल्या दिवशी ताट समोर आलं आणि मला काही सुचेना. ती माझ्यासमोर उभी. म्हणजे बाहुली उभी, पण बोटं तिचीच की नाही? निपाणीत बसून तिनंच ते ताट माझ्यापुढं सरकवलं होतं. आमच्या घरात जेवायला बसलं की भाकरीचा पहिला तुकडा मोडून ताटाबाहेर काढून ठेवतात. जेवणं झाली की तो कावळ्याला घालायचा. माझा बाप करायचा, मीही करतो, रागात असलो तरी करतो. त्याशिवाय घास उचलायला हातच होत नाही. मी शोधत बसलो. वस्तू खाली ठेवायचं बटण सापडलं. भाकरीचा तुकडा ताटाबाहेर ठेवला आणि मगच जेवायला सुरुवात केली. दोन-अडीच वर्षांनी पोरीच्या हातचं खाल्लं. पोटात काही गेलं नाही, तरी भरल्यासारखं वाटलं.

मग मी रोजच जायला लागलो. माझा फोन जुना, बॅटरी पार गेलेली. चार्जर काढला की लगेच डोळे मिटतो. म्हणून भिंतीतल्या प्लगाजवळ पाट टाकायचा, तांब्याला फोन टेकवून ठेवायचा आणि माझं खरं ताटही पुढं घ्यायचं. हो, मी परत ताट घेऊन बसायला लागलो. तिनं आज पिठलं वाढलं की उद्या मी पिठलं करणार. भाकरी थापायला शिकलो. आधी आधी तव्यावर नकाशे पडायचे. तिथं ती वाढायची, इथं मी माझं वाढून घ्यायचो, तिथं एक घास आणि इथं एक घास.

आजूबाजूला जगभरातली माणसं असायची. कुठल्या कुठल्या देशातली, एकमेकांशी इंग्रजीत टाइप करणारी. एकानं भाकरी डोक्यावर घातली, टोपी म्हणून! त्या गेमात कुठलीही वस्तू डोक्यावर घालता येते म्हणे. मी असतो तर हाकलून दिला असता. पोरगी काही बोलली नाही, त्याला दुसरी भाकरी वाढली. आईच्या वळणावर गेलीय.

त्या लोकांची एक गोष्ट मात्र मला सहन व्हायची नाही. जेवता जेवता माणूस एकदम गायब व्हायचा. ताट अर्धं आणि माणूस नाही. कुणाचं नेट जायचं, कुणाला दुसरं काम निघायचं, कुणी नुसताच कंटाळायचा. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. माझा जीव तिळतिळ तुटायचा. ती बाहुली त्या रिकाम्या पाटापुढं जरा वेळ उभी राहायची, मग वाकून ताट उचलायची. दरवेळी मला वाटायचं, माझंच ताट उचलतेय. म्हणून मी ठरवलं होतं, काही झालं तरी शेवटचा घास संपेपर्यंत आपण हलायचं नाही. सगळी जाईपर्यंत मी बसून असायचो. मग ती माझ्या ताटाबाहेरचा तुकडा उचलून खिडकीत ठेवायची आणि दिवा मालवायची. मला वाटायचं, झाडलोट करतेय.

एकदा ताप आला आणि तीन दिवस जायला जमलं नाही. चौथ्या दिवशी गेलो तर माझ्या ताटात मऊ भात आणि तूप. इतरांना भाकरी. मी म्हटलं, शेवटी आलो म्हणून उरलंसुरलं वाढलं असेल. काय माझी अक्कल!

बोलायचं तर लई मनात यायचं. सहा-सात महिन्यांत किती वेळा टाइप केलं असेल. 'बाळ' एवढं लिहायचो आणि पुसायचो. एकदा 'तुझी आई असती तर' इथपर्यंत गेलो होतो. पण मेहुणीनं सांगून ठेवलं होतं, नको असलेल्या माणसाला खानावळीतनं कायमचं बाहेर काढायचं बटण मालकाकडं असतं. गिऱ्हाईक म्हणून निदान पाट मिळत होता. बाप म्हणून उभा राहिलो आणि तिनं ते बटण दाबलं तर? मग सात वाजता मी काय करायचं? लाज कसली, सांगतो: मला लई एकटं वाटायचं. साडेआठला तिथला दिवा मालवला की इथं खरकटं ताट घेऊन मी तसाच बसून राहायचो. हात वाळून जायचा. उठलं की घरात आपण एकटेच आहोत हे परत सुरू होणार, म्हणून उठावंसंच वाटायचं नाही.

मागच्या महिन्यात खानावळीच्या दारावर पाटी लागली. एक वर्ष झालं, उद्या पंगत, सगळ्यांनी या.

दुसऱ्या दिवशी मी दाढी केली. हसा खुशाल. धुतलेला सदरा घातला आणि सातच्या आधीच प्लगाजवळ बसलो. आत गेलो तर तिनं पाट काढून टाकले होते. लांब सतरंजी अंथरली होती आणि ताटं एका रांगेत. पंधरा-वीस बाहुल्या बसल्या होत्या. मी शेवटच्या जागेवर बसलो. ती पातेलं घेऊन एका टोकापासून निघाली. काय वाढतेय ते आधी दिसेना. जवळ आली तेव्हा दिसलं. गव्हाची हुग्गी. तसाच तांबूस रंग, वर तुपाची धार.

माझ्या ताटात वाढून ती पुढं गेली नाही. पुढं कुणी नव्हतंच. पळी हातात धरून तिथंच उभी राहिली. बाकीच्यांचं कुरुम कुरुम सुरू झालं होतं. मी घाईघाईनं ताटातल्या चपातीचा तुकडा ताटाबाहेर ठेवला. बोट घासाच्या बटणावर नेलं.

आणि लाईट गेली.

वडगावात लाईट गेली की आधी कानाला कळतं. गल्लीतले सगळे माग एका दमात थांबतात. ते थांबले आणि फोननं डोळे मिटले. अंधारात मी त्या काळ्या काचेवर बोट दाबत राहिलो. "न्हाय, न्हाय, थांब, थांब गं," असं मोठमोठ्यानं म्हणत होतो. कुणाला म्हणत होतो?

माझ्या डोळ्यांपुढं एकच होतं. ती पळी धरून उभी, समोर भरलं ताट आणि माणूस नाही. तीच हुग्गी, तीच पंगत. मी परत उठलो होतो.

गल्लीत पळालो. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता, आता सकाळशिवाय काही नाही, असं लोक सांगत होते. मेहुणी गावात नव्हती, गुंजीला लेकीकडं गेली होती आणि तिथं रेंज मिळत नाही. शेजाऱ्याला म्हटलं, तुझा फोन दे. तो म्हणाला, "आप्पा, गेमच हाय न्हवं? उद्या खेळा की." मी त्याला असा काही बोललो की दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. आणि दिला असता तरी दुसऱ्याच्या फोनमध्ये ती खानावळ कशी शोधायची हे मला कुठं येतंय? पोरीचा नंबर होता, तोही त्याच मेलेल्या फोनात. ती रात्र कशी गेली ते माझं मला ठाऊक.

सकाळी पहिल्या गाडीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, "यल्लिगे?" मी म्हणालो, "निप्पाणी," आणि माझाच आवाज मला चमत्कारिक वाटला. हत्तरगी गेलं, संकेश्वर गेलं. हात रिकामे होते. मुलीच्या घरी तीन वर्षांनी जाताना बेळगावी मिठाईचा, कुंद्याचा डबासुद्धा घेतला नव्हता, दुकानं उघडायची होती. शहाणा माणूस असं करेल का, सांगा! फोनमधल्या चित्रातल्या ताटावरून लाईट गेल्यामुळं उठलो, म्हणून माफी मागायला बसनं निघालेला म्हातारा. खऱ्या ताटावरून उठलो त्याची माफी मागायला तीन वर्षांत एकदा निघालो नव्हतो. पण दुसऱ्यांदा उठलो असं तिला वाटलेलं मला चालणार नव्हतं. पहिल्यांदा राग होता. आता कसला राग? आता तर मला ती हुग्गी खायची होती.

घर तेच. सोपा तोच. दार तिनंच उघडलं, कामावर जायच्या तयारीत. जराशी जाड झाली होती. केस बारीक केले होते. आत मोरीतून बादलीचा आवाज येत होता, जावई आंघोळीला गेलेला.

"आप्पा?"

संकेश्वरपासून पाठ केलेलं सगळं विसरलो. "मी उठलो न्हाय!" मी ओरडलो. "लाईट गेलती. तू हुग्गी वाढलीस आणि लाईट गेली. आईच्यान सांगतो, मी उठलो न्हाय गं!"

मोरीतला बादलीचा आवाज थांबला. समोरच्या घरातली बाई बाहेर आली. मुलीनं दार पुरतं उघडलं. मग म्हणाली, "ठाऊक हाय. आत या आधी."

मी सोप्यात बसलो. त्या दिवशी बसलो होतो, साधारण त्याच जागी. तिनं पाणी आणलं आणि आपला फोन माझ्यापुढं धरला. खानावळ दिसत होती. सतरंजीवरची सगळी ताटं उचललेली. एकच राहिलं होतं, शेवटच्या जागेवर. त्याच्यावर दुसरं ताट पालथं घातलेलं.

मला ते बघवेना. मी पाणी प्यालो, तांब्या खाली ठेवला, परत उचलला.

"तुला कधीपास्नं ठाऊक?"

"दुसऱ्या दिवसापास्नं. त्या गेमात पहिला तुकडा ताटाबाहेर कोण काढतंय, आप्पा? तुमच्याशिवाय?"

आणि मला राग आला. खरंच आला, लपवत नाही. सात महिने! सात महिने मी तिथं मुक्यासारखा येऊन बसत होतो, 'बाळ' लिहून पुसत होतो, आणि हिला ठाऊक होतं? "मग बोलली का न्हाईस?" माझा आवाज चढला. "एक शब्द बोलली असतीस तर! मी हिकडं एकटा मरतोय आणि तू आपली वाढतीयास! का बोलली न्हाईस?"

ती उठून आत गेली होती. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. माझ्याकडं पाठ करून तिनं गॅस पेटवला, आमटी ठेवली.

"बोलले असते तर उठून गेला असता की," ती म्हणाली.

मी सतरंजीच्या दोऱ्याशी चाळा करत बसलो. जावई ओल्या केसांनी बाहेर आला, मला बघून गोंधळला, वाकून नमस्कार केला आणि काही न बोलता आत गेला. शहाणा मुलगा आहे.

तिनं ताट आणलं. खरं. भाकरी, आमटी, कांदा. हुग्गी नव्हती, सकाळी सकाळी कुठून असणार? ती समोर बसली, स्वतःचं ताट न घेता, कामाचं विसरून. मी तुकडा मोडला, ताटाबाहेर ठेवला. ती माझ्या हाताकडं बघत होती, तोंडाकडं नाही. तीन वर्षांपूर्वी तो हात जिथून मागं आला होता, तिथून पुढं जातो की नाही, तेवढंच बघत होती.

मी घास घेतला. आमटीत मीठ नव्हतं. अजिबात नव्हतं, घाईत विसरली होती.

मी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. भाकरी संपली, वाटीतली आमटी भुरकून संपवली आणि वाटी पुढं केली.

"आणि वाढ," मी म्हणालो.

एवढा मोठा माझा आवाज, पण तिला ते ऐकू गेलं नाही. मला परत सांगावं लागलं.